चौकशीबहाद्दर

पुण्यात शिकायला येणारा मुलगा पहिल्या आठवड्यात तीन गोष्टी शोधतो: कॉट, मेस आणि जिम. पहिल्या दोन मिळतात, कारण त्यांच्यावाचून रात्र निघत नाही. जिमवाचून रात्रच काय, इंजिनिअरिंगची चार वर्षंही आरामात निघतात. त्यामुळे बहुतेकांचा हा शोध गणपतीपर्यंत मावळतो. काही जण पैसे भरून मोकळे होतात, पंधरा दिवस दंड दुखल्याची तक्रार करतात आणि नंतर त्या जिमवरून जाताना मान दुसरीकडे वळवतात. पण ज्याचा शोध मावळत नाही आणि संपतही नाही, असाही एखादा निघतो. तसा एक आमच्या डोक्यावर राहतो. डोक्यावर म्हणजे वरच्या मजल्यावर.

सदाशिव पेठेतल्या आमच्या इमारतीत वरची जागा मुलांना कॉट बेसिसवर दिलेली आहे. (मालक मी नव्हे. मी खाली राहतो आणि आवाज ऐकतो.) तिथल्या खिडकीजवळच्या कॉटवरचा हा बार्शीकडचा मुलगा, मेकॅनिकलचं शेवटचं वर्ष. बाकीची मुलं त्याला ‘वस्ताद’ म्हणतात. ज्यानं एकाही तालमीचा, जिमचा किंवा क्लासचा दुसरा महिना पाहिलेला नाही त्याला वस्ताद म्हणायचं, ही सुरुवातीला चेष्टा होती. आता त्याची आई फोन करते तेव्हाही पोरं “वस्ताद अंघोळीला गेलेत” असंच सांगतात आणि माऊलीला त्यात अभिमान वाटतो.

अंगकाठी चांगली आहे. म्हणजे काठी आहे. पण चालताना दोन्ही हात अंगापासून वीतभर लांब धरतो, जणू काखेत मावत नाही इतकं काही तिथे वाढलेलं आहे. कॉलेजला, मेसला, मैत्रिणीच्या भावाच्या लग्नाला, सगळीकडे ट्रॅक पँट. गळ्यात तुळशीची माळ होती, ती ‘कुस्तीत अडकते’ म्हणून काढून ठेवली. कुस्ती अजून सुरू व्हायची आहे.

त्याच्याकडे एक लाँगबुक आहे. पहिल्या पानावर ‘श्री मारुती प्रसन्न’, पुढे पट्टीनं आखलेले रकाने: ठिकाण, वेळ, फी, मास्तर, जमीन, पार्किंग, शेरा. जमीन या रकान्यात माती, लादी, रबर, गादी यांपैकी एक. मास्तरच्या रकान्यात वजन आणि अंदाजे वय. शेरे मात्र वाचण्यासारखे आहेत. एके दिवशी वही खाली माझ्याकडे विसरून गेला तेव्हा मी वाचले. “मशिन चांगली, आरसे जास्त.” “सर स्वतःच मारतात, आपण बघायचं.” “पंखा एक, तो काउंटरवर.” “वातावरण गंभीर. कोणी बोलत नाही. घाम मात्र येतो.” “सगळं उत्तम. लांब.” हा शेवटचा शेरा ज्या जागेला होता ती आमच्या बोळाच्या तोंडाशी आहे. विचारलं तेव्हा म्हणाला, “काका, नुसतं अंतर नसतं ओ. मधे वडापावची गाडी लागते.”

या मुलाला नेमकं काय हवंय हे मी बरेच दिवस शोधत होतो. पहिल्या वर्षी त्याला छाती हवी होती. दुसऱ्या वर्षी स्वारगेटला बसमध्ये चढताना कोणीतरी ढकललं, तेव्हापासून स्वसंरक्षण हवं झालं. मग राज्य सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण असतं हे त्याच्या कानावर आलं आणि त्यानं खेळ ठरवायच्या आधी पद ठरवून टाकलं: क्रीडा अधिकारी. मध्यंतरी कुठल्याशा सिनेमात नायक एका हातानं सहाजणांना भिरकावतो ते पाहून आला आणि आठवडाभर माझ्याशीही एका हातानंच बोलत होता. हेतू बदलला की वहीत नवीन रकाना येई. जुना खोडलेला मी पाहिला नाही.

शोधाची सुरुवात रीतसर कॉलेजच्या जिमखान्यापासून झाली. प्रवेशाच्या पावतीवर ‘जिमखाना फी’ असा आकडा छापलेला असतो. वस्तादचं म्हणणं रास्त होतं, की पैसे घेतलेत तर वस्तू दाखवा. जिमखान्यात गेला. आत कॅरमचे दोन बोर्ड, टेबल टेनिसचं टेबल (त्यावर गॅदरिंगचे पडदे), आणि कोपऱ्यात जाळीच्या दारामागे वजनं. दाराला कुलूप. किल्ली मामांकडे. मामा म्हणजे जिमखान्याचे शिपाई. मामा जेवायला गेलेले. जेवून आले की फिजिकल डायरेक्टर सरांची सही लागते, सर इंटरकॉलेजला टीम घेऊन गेलेले. सर आले की आयकार्ड जमा करावं लागतं, आणि आयकार्ड जमा केलं की लायब्ररीत सोडत नाहीत. वस्तादनं हे सगळं पार केलं. कुलूप उघडलं तेव्हा कळलं, की बार आहे पण त्याची एका बाजूची वजनं नाहीत. मामा म्हणाले, “एकाच हातानं मार. आळीपाळीनं.”

दुसरा कोणी वैतागला असता. वस्ताद खूश होऊन आला आणि त्यानं रात्री आम्हाला खाशाबा जाधवांची गोष्ट सांगितली. ती तो अतिशय सुंदर सांगतो, हे मान्य केलं पाहिजे. कराडजवळच्या गोळेश्वरचं पोरगं, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकायला. दिसायला लहानखुरं म्हणून कॉलेजच्या स्पर्धेत घ्यायलाच तयार नव्हते, तर थेट प्राचार्यांकडे गेलं आणि आपल्याहून दांडग्यांना पाडून आलं. १९४८ ला लंडनला गेलं ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीवर. आयुष्य मातीत गेलेलं, तिथे समोर गादी. तरी सहावा नंबर. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नाहीत, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी राहतं घर गहाण टाकून सात हजार उभे केले. आणि तिथे बँटमवेटला ब्राँझ. स्वतंत्र भारताचं ऑलिंपिकमधलं पहिलं वैयक्तिक पदक, आणि तेही कॉलेजच्या तालमीतून निघालेल्या गड्याचं. इथपर्यंत आल्यावर त्याचा आवाज भरून येतो. मग तो बाजूच्या कॉटवर बसलेल्याला म्हणतो, “आणि आपण रडतोय एका बाजूच्या वजनांसाठी.” त्यानंतर तो झोपतो. जिमखान्यात पुन्हा गेला नाही. कारण विचारलं तर म्हणतो, “आमच्या प्राचार्यांनी घर गहाण टाकायचं म्हटलं, तर आधी त्यांचे हप्ते फिटले पाहिजेत.”

पैसे घेणाऱ्या जिमबद्दल फार लिहीत नाही. ती सगळ्यांनी पाहिलेली आहेत. काचेचं दार, काउंटरवर हसरी मुलगी, तिच्यामागे प्रोटीनचे डबे, भिंतीवर आठ पदरी पोटाचा परदेशी माणूस. ती आधी तुम्हाला एका यंत्रावर उभं करते, यंत्र तुमच्या शरीरातली चरबी, पाणी आणि स्नायू वेगवेगळे छापून देतं, आणि कागद हातात आल्यावर माणूस इतका खचतो की वर्षाचे पैसे भरतो. महिन्याचा दर मुद्दाम असा ठेवलेला असतो की वर्षाचा स्वस्त वाटावा. “सर, ही ऑफर आजच्यापुरतीच आहे.” इथे वस्ताद अजिंक्य आहे. तो शांतपणे वही उघडून दाखवतो, की हीच ऑफर मागच्या नवरात्रात, डिसेंबरात आणि पाडव्यालाही आजच्यापुरतीच होती. शहराच्या निम्म्या भागात काउंटरवरच्या मुली त्याला नावानं ओळखतात. एकदिवसीय ट्रायल फुकट असते. ती त्यानं इतक्या ठिकाणी घेतली आहे, की तुकड्यातुकड्यांनी धरलं तर त्याचा एखादा महिना भरला असेल. फक्त दरवेळी पहिलाच दिवस असल्यामुळे त्याला प्रत्येक ठिकाणी छातीच मारायला लावली. पायाचा दिवस त्याच्या आयुष्यात उगवलेला नाही.

शोधण्यात त्याचा व्यायाम होतो असा विनोद आमच्याकडे कोणीतरी अधूनमधून करतं. तो खोटा आहे. तो सगळीकडे रूममेटच्या अ‍ॅक्टिव्हावरून जातो.

तालमीचा प्रसंग मात्र सविस्तर सांगण्यासारखा आहे. वस्तादचे आजोबा गावच्या तालमीत जायचे, आणि सुट्टीला गेला की नातवाच्या दंडाला हात लावून “काय रं, मेसमध्ये वाढत न्हाईत का?” म्हणायचे. ते त्याला लागलं. पुण्यात तालमी आहेत. पेठांतून हिंडलात तर शुक्रवार पेठेतल्या चिंचेच्या तालमीसारख्या पेशवाईपासूनच्या तालमींची नावं अजून ऐकू येतात. वस्ताद त्यातल्याच एका जुन्या तालमीत गेला. अंधारं, थंड, तेलाचा आणि मातीचा वास. भिंतीवर मारुती, कोनाड्यात मुदगल आणि करेल, मधे हौद. तिथले खरे वस्ताद, सत्तरीचे, फेटा नाही, बनियन. त्यांनी याच्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, “उद्या पहाटे पाचला ये. लंगोट आण.”

लंगोट आणणं हे एक प्रकरण झालं. तुळशीबागेजवळच्या दुकानात मिळाला. बांधायचा कसा हे कोणालाच माहीत नव्हतं. रात्री वरून हसण्याचा गोंधळ ऐकू येत होता. अखेर साडेदहाला तो माझ्याकडे आला, ट्रॅक पँटवर लंगोट बांधून. आमच्या वडिलांच्या काळात निदान एवढं तरी घरात शिकवायचे. मी शिकवलं.

पहाटे पाचला गेला. यासाठी त्याला मानलं पाहिजे. आणि तिथे वस्तादांनी त्याच्या हातात फावडं दिलं. “हौद उकर.”

तासभर त्यानं माती उकरली, ढेकळं फोडली, सारखी केली. मग वस्ताद म्हणाले, “आता शंभर बैठका, आणि जा.” सात वाजता घरी आला तो जिन्याच्या कठड्याला धरून. रागानं लाल झालेला. “काका, पैसे आपण द्यायचे का त्यांनी द्यायचे? मजुरी करून घेतात ओ!” मी त्याला समजावलं, की नव्या गड्याला पहिल्यांदा फावडंच देतात. कंबर, खांदे, मनगट, पकड, सगळं त्यातूनच तयार होतं. शिवाय ज्या मातीवर पडायचं ती आपण मऊ केलेली असली की पडायची भीती जाते. त्या मातीत तेल, हळद, ताक, लिंबू घालतात, ती नुसती माती नसते. डाव नंतर. धोबीपछाड, ढाक, कलाजंग ही नावं ऐकायला जितकी छान वाटतात तितका त्यांच्यापूर्वीचा काळ लांब असतो. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि वहीत लिहिलं: “माती: उत्तम. उकरावी लागते.”

दुसऱ्या दिवशी सबमिशन होतं. तिसऱ्या दिवशी पाऊस. चौथ्या दिवशी गजर वाजला, पण तो बंद करण्यात त्याची पकड सुधारल्याचं दिसलं.

मग कराटे. कराटेचे क्लास सोसायट्यांच्या हॉलमध्ये आणि शाळांच्या मैदानांवर संध्याकाळी भरतात, आणि तिथे जमणाऱ्यांचं वय सात ते बारा असतं. वस्ताद विशीतला. पण रांग वयानं लागत नाही, पट्ट्यानं लागते. पांढरा पट्टा सर्वांत मागे. त्यामुळे पुढे पावणेचार फुटी तपकिरी, मग जांभळे, हिरवे, केशरी, पिवळे आणि सर्वांत शेवटी, एखाद्या पालकानं चुकून रांगेत उभं राहावं तसा, आमचा वस्ताद. गी, म्हणजे कराटेचा पोशाख, त्याच्या मापाची मिळाली नाही, ती पोटरीच्या वरच संपत होती. वाकून नमस्कार झाला. मग सेन्सेईंनी एका तपकिरी पट्ट्याला नव्या विद्यार्थ्याकडे लक्ष द्यायला सांगितलं. ते पोरगं चौथीतलं. त्यानं वस्तादच्या गुडघ्यावर मागून टिचकी मारली आणि म्हणालं, “दादा, गुडघा वाकव. अजून. अजून. तू ऐकत नाहीस.” आणि मग सर्वांसमोर: “सर, हा दादा ऐकत नाही.”

ही गोष्ट तो स्वतःच सांगतो आणि स्वतः हसतो, म्हणून तर मला आवडतो. पण या अनुभवानंतर त्यानं पट्ट्यांचा जो अभ्यास केला तो एखाद्या प्रबंधाला पुरेल. पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांची पद्धत कराटेची नव्हेच. ती ज्यूदो काढणाऱ्या जिगोरो कानोंची. त्यांनी १८८२ साली टोकियोत कोदोकान काढलं. फुनाकोशी ओकिनावाहून टोकियोत कराटे दाखवायला आले १९२२ साली, आणि पट्टे त्यांनी कानोंकडून उचलले. मधली रंगपंचमी पुढे युरोपातल्या ज्यूदोत रुळली. “म्हणजे काका, ते जांभळं-केशरी जपानी न्हवंच.” त्या चौथीतल्या पोराविरुद्ध हा त्याचा एकमेव पुरावा. वर आणखी, कराटे टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये होतं, पॅरिसला वगळलं, हेही तो सांगतो. तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर पॅरिसच्या संयोजकांनी आपली बाजू घेतल्याचं समाधान असतं.

यातून एक चांगला प्रश्न मात्र त्याच्या हाती लागला. आता कुठल्याही क्लासला गेला की तो पहिल्यांदा विचारतो, “सर, तुमच्याकडे पट्टा परीक्षेनं मिळतो का तारखेनं?” दर तीन महिन्यांनी सगळ्या वर्गाला, परीक्षा फी घेऊन, नवा रंग देणारे बरेच असतात. ते या प्रश्नावर चिडतात. जे हसतात ते चांगले, असा त्याचा ठोकताळा आहे, आणि माझ्या मते तो बरोबर आहे.

ज्यूदोत त्याला पहिले काही आठवडे फक्त पडायला शिकवणार होते. मागे पडणं, बाजूला पडणं, लोळून पडणं, पडताना हात गादीवर आपटणं. “पडायचे पैसे?” म्हणून तो परतला. माझा याला सक्त विरोध आहे. पुण्यात दुचाकी चालवणाऱ्याला याहून उपयुक्त विद्या कोणीही कुठेही शिकवत नाही, आणि आरटीओनं ती लायसनबरोबर फुकट द्यायला हवी. बॉक्सिंगला गेला तर तिथे आधी दोरीवरच्या उड्या. क्राव मागाची दोन दिवसांची कार्यशाळा केली. ही विद्या इमी लिक्टेनफेल्ड नावाच्या कुस्तीगीरानं आधी ब्रातिस्लाव्हाच्या रस्त्यावर ज्यूंच्या संरक्षणासाठी आणि मग इस्रायलच्या सैन्यात घडवली. वस्तादनं ती रात्री साडेदहाला माझ्या छतावर घडवली. रूममेटनं रबरी चाकू घेऊन यायचं आणि यानं तो हिसकावायचा. चाकू दर वेळी रूममेटकडेच राहायचा, कारण त्याच्या हातात तो दिला तेव्हाच त्यानं तो कसा धरायचा हे यूट्यूबवर पाहून घेतलं होतं. वर जाऊन दार वाजवलं तर दोघंही घामाघूम, आणि प्रमाणपत्र मात्र फ्रेम करून भिंतीवर.

एमएमएच्या ठिकाणी गादीवर त्याची गाठ फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलीशी पडली. ती याच्या निम्मी. पुढे काय झालं हे त्यानं सांगितलेलं नाही. वहीतला शेरा असा आहे: “इथे दोनदा थोपटलं की सोडतात. व्यवस्था चांगली.”

इथवर वाचून तुम्हाला हा मुलगा आळशी वाटला असेल, तर थोडं थांबा. कारण आता त्याच्या खऱ्या धंद्याकडे येतो.

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताईंची मुलगी पोलीस भरतीची तयारी करत होती. कोणीतरी तिला सांगितलं होतं, की आधी जिम लाव, सहा महिन्यांचं पॅकेज घे. ताई माझ्याकडे उसने पैसे मागायला आल्या. मी वस्तादला खाली बोलावलं. तो वही घेऊन आला, पण उघडलीच नाही. “ताई, भरतीला मशिन विचारत न्हाईत. मैदानी पन्नास मार्कांची असते. पोरींना आठशे मीटर, पोरांना सोळाशे. शंभर मीटर पळायचं आणि गोळा टाकायचा. जिममधल्या पट्ट्यावर पळून पाय तयार व्हत न्हाई, वळणावर दम जातो. मैदान लागतं, आणि गोळा टाकायला शिकवणारा माणूस लागतो.” असा माणूस कुठल्या मैदानावर पहाटे भेटतो, तो पोरींकडे नीट लक्ष देतो का, तिथे उजाडायच्या आधी दिवे असतात का, येता-जाता रस्त्यावर वर्दळ असते का, सगळं त्याला माहीत होतं. पैसे वाचले. मुलगी मैदानीत निघाली. पेढे घेऊन आली ती आधी वर गेली, मग माझ्याकडे.

तेव्हापासून जिना वाहता झाला. कॉलेजची मुलं, कोपऱ्यावरचा केमिस्ट, समोरच्या इमारतीतल्या आयटीतल्या बाई, ज्यांची पाठ खुर्चीनं धरली आहे. माझ्या नातवाला कुठे घालावं असा घरात वाद चालू होता. सून तायक्वांदो म्हणत होती, मुलगा स्विमिंग. वस्तादनं पोराला दोन मिनिटं जिन्यात पळवलं आणि निकाल दिला, “आत्ताच काही एक धरू नका, सगळं थोडं थोडं होऊ दे,” आणि टिळक रोडच्या महाराष्ट्रीय मंडळाचं नाव सुचवलं. वर संस्था कॅप्टन शिवरामपंत दामल्यांनी १९२४ साली काढल्याची माहिती. ही माहिती मला माहीत होती. पण विशीतल्या पोरानं ती मला सांगावी याचं बरं वाटलं.

त्याची पद्धत अशी. येणाऱ्याला तो प्रथम विचारतो, “राहता कुठं?” खोलीपासून चालत दहा मिनिटांच्या पलीकडचं काहीही तो दुसऱ्याला सुचवत नाही. “लांबचं चांगलं असतं, पण पावसाळ्यात बंद पडतं.” मग, “जाणार किती वाजता?” ज्या वेळी जाणार त्याच वेळी जाऊन बघून या. दुपारी तीनला सगळी जिम स्वर्ग असतात, संध्याकाळी सातला एका बेंचसाठी चौघं उभे असतात. वर्षाचे पैसे भरू नका, महिना महिना भरा, महाग पडलं तरी. मास्तरचे दंड बघू नका. कुस्ती किंवा गादीवरची विद्या असेल तर कान बघा. वर्षानुवर्षं घासून कान मोडून फुगलेले असतील, तर तो माणूस खाली लोळलेला आहे. आणि सर्वांत महत्त्वाचं, वर्गातल्या सगळ्यांत कच्च्या पोराशी मास्तर कसा वागतो ते बघा, कारण महिनाभर तरी ते पोर तुम्हीच असणार आहात. पहिल्याच दिवशी समोरासमोर मारामारीला उभं करणारा असेल तर चपला घाला आणि निघा. गादी रोज पुसतात का विचारा. गजकर्ण एकाला झालं की पंधरा दिवसांत सगळ्यांना होतं. दोन वर्षं जुनी पोरं आहेत का बघा. नसतील तर का नाहीत ते बाहेरच्या चहावाल्याला विचारा. तुमची बैठक तपासायच्या आधी जो पावडरीचा डबा विकतो त्याच्याकडे जाऊ नका. डब्याऐवजी फुटाणे, शेंगदाणे, अंडी, सोयाबीन, मेसच्या वरणाची वरची नव्हे तर खालची वाटी.

हे सगळं तो इतक्या सहज बोलतो, की समोरचा माणूस लिहून घेतो. आणि ते बरोबर असतं. त्यानं ज्यांना पाठवलं त्यातले बरेच टिकले. बाजूच्या कॉटवरचा, रबरी चाकूवाला, आता खरंच बॉक्सिंग करतो आणि विद्यापीठाच्या निवड चाचणीपर्यंत जाऊन आला. केमिस्टचं पोट उतरलं. आयटीतल्या बाई ज्यूदोला जातात आणि पडायला लागल्यापासून त्यांची पाठ दुखत नाही म्हणतात. (हे वैद्यकीय मत समजू नये. बाईंचं मत आहे.)

“मग तू का नाही जात रे?” हा प्रश्न मी त्याला अर्थातच विचारला आहे. उत्तर दर वेळी खरं असतं, हीच अडचण. इन-सेम आहे. ओरल आहे. सरांची वेळ आणि प्रॅक्टिकलची बॅच एकत्र येते. खांदा दुखतोय. अ‍ॅक्टिव्हाच्या मालकाची परीक्षा आहे. यातलं एकही खोटं नाही, तपासून पाहा. इतरांना तो दहातली सहा कलमं जुळली तरी ‘जा’ म्हणतो. स्वतःला मात्र दहाच्या दहा लागतात, कारण एवढं सगळं पाहिल्यावर सहावर कसं भागवायचं? कमी पाहिलेली माणसं सुखानं बैठका मारत असतात. त्याच्या आजोबांना गावात एकच तालीम होती. तिथे निवडायला काही नव्हतं, म्हणून ते गेले. याच्यासमोर पुणं पडलंय.

मला त्याची कीव येत नाही. रागही येत नाही. दंड न वाढवलेली माणसं शहरात पुष्कळ आहेत, मी त्यातलाच. पण दुसऱ्यानं कुठे जावं हे फुकट, खरं आणि कमिशन न घेता सांगणारा माणूस मी या धंद्यात दुसरा पाहिला नाही. खाशाबांना घर गहाण टाकणारे प्राचार्य मिळाले. वस्तादकडे गहाण टाकायला घर नाही, त्यानं अ‍ॅक्टिव्हाचं पेट्रोल घातलं आहे, आणि तेही रूममेटच्या.

यंदा त्याला कँपसमधून चाकणला नोकरी लागली. कंपनीच्या पत्रात पगाराचा आकडा कोणत्या ओळीत आहे हे त्याला अजून सांगता येत नाही, पण कंपनीच्या आवारात व्यायामशाळा आहे, तिची वेळ सहा ते नऊ आहे आणि जमीन रबराची आहे हे त्यानं फोन करून विचारून घेतलं. शेरा अजून लिहिलेला नाही.

जूनअखेर तो खोली सोडतो आहे. तेव्हा पुण्यात नव्यानं शिकायला आला असाल आणि जिम, तालीम, क्लास, काहीही शोधत असाल, तर त्याआधी येऊन जा. संध्याकाळी सातनंतर तो खोलीवर असतो. चपला खाली काढाव्यात, जिन्यात मोठ्यानं बोलू नये, वही आणि पेन आपापलं आणावं. तो सांगेल तिथे दुसऱ्याच दिवशी जाऊन महिन्याचे पैसे भरा. फक्त “चल, तूही बघायला ये” असं त्याला म्हणू नका. तो येईल, आणि तुमचंही राहून जाईल.